तेरा नंबरचा फोटो : मुलांच्या वस्तू फिरवून टिपताना

"आम्ही पुठ्ठा घेतला. तो कापला. मग चिकटवला. रंग दिला. खूप मजा आली."

प्रकल्पवहीतलं हे अख्खं पान आहे. सोबत एक फोटो. सातवीतली मुलगी ताठ उभी, गणवेशाची वरची गुंडीसुद्धा लावलेली, आणि हातात पुठ्ठ्याचं काहीतरी. नेमकं काय ते कळत नाही. कारण फोटो काढणाऱ्यानं, म्हणजे मीच, मुलीला नखशिखांत फ्रेममध्ये बसवलं होतं आणि वस्तू अंगठ्याएवढी झाली होती. अशा चौदा वह्या तपासल्या. चौदाही मुलांना खूप मजा आली होती.

कराड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास वस्तू बनवायचा वर्ग चालतो. सहावी ते आठवीची मुलं. नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ पासून आहे, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. ती आमच्यापर्यंत आलेली नाही. आमच्याकडे जुनी भूगोलाची खोली आहे, कात्र्या, कटर, एक ग्लू गन, घरोघरची रद्दी आणि माझा फोन. मुलं वस्तू झकास बनवतात. पण पुठ्ठा पावसाळ्यात सादळतो, वारुळासारखा फुगतो, आणि दिवाळीच्या साफसफाईत शिपाईमामा ते सगळं मागच्या खड्ड्यात नेऊन टाकतात. मागे उरते ती फक्त नोंद, आणि आमच्या नोंदीत मजेशिवाय काही नव्हतं.

वस्तू फिरवायची कल्पना माझी नव्हे. आठवीतला एक मुलगा घरच्या फोनवर चपला बघत होता. "सर, त्या ॲपवर चप्पल गोल फिरते बघा. तळवापण दिसतो. तसं करूया की." मी म्हटलं, व्हिडिओ काढू, सोपं आहे. काढलाही. एकानं हातानं वस्तू फिरवली, दुसऱ्यानं फोन धरला. त्यात वस्तूपेक्षा फिरवणाऱ्याचा हातच जास्त आला आणि उरलेलं पुसट. तरी मी व्हिडिओवरच अडून होतो, कष्ट कमी. त्याच वेळी एका मुलीनं जे विचारलं त्यानं माझं मत बदललं. ती म्हणाली, "सर, आता ते जे मागचं आलं होतं ना, ते परत दाखवा." मी व्हिडिओ मागेपुढे सरकवत बसलो, तिला हवी ती जागा काही सापडेना. सुटे, नंबर दिलेले फोटो असते तर तिला "नऊ नंबर" एवढंच म्हणावं लागलं असतं.

म्हणून फिरता पाट बनवायला घेतला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण, त्यात एका थरात गोट्या, वर जरा लहान झाकण पालथं. झाकणाची कड गोटीपेक्षा बुटकी हवी, नाहीतर वरचं झाकण कडेवर टेकतं आणि घासतं. हे आम्हाला दुसऱ्या डब्यानंतर कळलं. वरचं झाकण फिरता फिरता एका बाजूला सरकायचं, म्हणून मधोमध खिळा घातला. मग सहावीतला एक बारका म्हणाला, "हे तर जातंच झालं." खरंच होतं ते. खालची तळी, वरची तळी, मधली खीळ. त्यानं लगेच कडेला पेन्सिल चिकटवून खुंटाही बसवला. खुंटा प्रत्येक फोटोत यायला लागला म्हणून पुढे काढला, पण नाव जातंच राहिलं. "सर, जात्यावर ठेवू का?" असं मुलं आजही विचारतात.

जात्यावर गोल पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कंपासपेटीतल्या कोनमापकानं दर १५ अंशांवर खूण. २४ खुणा, २४ फोटो. टेबलावर एक बाण काढला. खूण बाणापाशी आली की फोटो. पहिल्या दिवशी मुलांनी ३६० अंशांचाही काढला. पंचवीस झाले. जोडून चालवल्यावर दर फेरीला वस्तू एक गचका खाऊन थांबायची, कारण शून्य आणि ३६० हा एकच फोटो दोनदा येत होता. कारण मी सांगितलं नाही. सगळ्यांनी खूप वेळ फोनकडे बघितलं आणि शेवटी एकीनं बोटांवर मोजून शोधलं. त्या दिवशी गणिताच्या बाई असत्या तर खूश झाल्या असत्या.

उजेडानं सगळ्यात जास्त छळलं. फोन आपलं डोकं चालवतो: काळी बाजू समोर आली की चित्र उजळ करतो, पांढरी आली की गडद. एकेक फोटो छान, पण ओळीनं चालवले की वस्तू धडधडते. "श्वास घेतीय ती," एकजण म्हणाली. उपाय साधा आहे. पडद्यावर वस्तूवर बोट दाबून धरायचं, कुलपाची खूण आली की उजेड आणि फोकस तिथेच अडकतो. ट्यूबलाइट बंद केली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते आणि फोटोत आडवे पट्टे उमटतात. खिडकीजवळ टेबल ओढलं, मागे पांढरा चार्ट पेपर भिंतीवरून टेबलावर वळवून सोडला, म्हणजे मागे कोपऱ्याची रेघ दिसत नाही. फोन पाण्याच्या दोन बाटल्यांमध्ये रबरबँडनं आवळला. फोनला हात लागला की चित्र हलतं, म्हणून वायरचे इयरफोन लावून आवाजाच्या बटणानं फोटो काढला; बऱ्याच फोनवर हे जमतं. आणि ऑगस्टचे ढग! पंधराव्या फोटोला ऊन आलं की पुन्हा एकपासून. मुलं खिडकीत एक राखणदार बसवायची, तो ओरडायचा, "ढग जातोय, थांबा!"

जोडणी जुन्या संगणकावर, गिम्प या फोटो जोडायच्या प्रोग्रॅममध्ये. फोटोंना १, २, ३ असे नंबर दिले तर संगणक १, १०, ११ असं लावतो आणि वस्तू माकडासारख्या उड्या मारते. ०१, ०२ असे द्यावे लागतात. जोडून होते ती हलत्या चित्राची जिफ फाइल. तिचा जन्म १९८७ चा. तिच्या एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग मावतात, त्यामुळे पांढऱ्या कागदावरच्या सावलीला पायऱ्या पडतात. पण दोन चित्रांमधला वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात ठरवता येतो, आणि मुलांना तेच भावलं. दहा ठेवले तर फेरी २.४ सेकंदांत होते, भोवळ येते. पंधरा ठेवले.

आता ज्या वस्तूसाठी हे सगळं सांगतोय ती. सातवीतल्या त्याच ताठ उभ्या मुलीनं आषाढीच्या सुमारास वारकऱ्यांचं खेळणं करायला घेतलं. चपलांच्या खोक्यावर दोन पुठ्ठ्याचे वारकरी, हातात बाटलीच्या बुचांचे टाळ. बाजूची कडी फिरवली की दोघं उड्या मारतात. खोक्याच्या आत सायकलची तार आडवी, तारेवर जुन्या स्लिपरच्या रबराच्या दोन चकत्या. चकतीचं भोक मधोमध नाही, मुद्दाम एका बाजूला. अशा चकतीला कॅम म्हणतात. आमच्या वर्गात तिचं नाव लंगडी चकती. प्रत्येक वारकऱ्याच्या पायाला बांबूची काडी, काडी चकतीवर टेकलेली. चकती वर आली की वारकरी वर.

दुसऱ्या शनिवारी कच्चं खेळणं जात्यावर फिरवून झालं. चौथ्या शनिवारी ती पुन्हा घेऊन आली तेव्हा खोक्याची मागची बाजू निळ्या चकचकीत कागदानं बंद केलेली होती.

"हे कशाला गं लावलंस?"

"मागून घाण दिसतं, सर. सगळं फेविकॉलच फेविकॉल."

फोटो काढले, जोडले, सगळे बघायला जमले. वारकरी आले, वळले, मग निळा कागद. कितीतरी वेळ निळा कागद. सहावीतला तोच जात्यावाला म्हणाला, "आठपासून अठरापर्यंत नुसता कागदच हाय की." त्यानं टोमणा मारला नव्हता, मोजून सांगितलं होतं. २४ पैकी ११ फोटो. तिनं काही उत्तर दिलं नाही. पण वर्ग सुटायच्या आत कटरनं कागद काढून आणला आणि म्हणाली, परत काढू.

आमच्याकडे कशिदा बघणाऱ्या बायका कापड आधी उलटं करतात. पुढून सगळेच टाके बरे दिसतात. दोरा कुठून कुठे ओढला, गाठ कुठे मारली, हे मागे कळतं. मुलांच्या वस्तूंचंही तसंच आहे आणि आम्ही वर्षानुवर्षं फक्त सुलट बाजूचे फोटो काढत आलो होतो. मागे वळवलेली तार, दोनदा लावलेली टेप, खोडलेली पेन्सिलची रेघ, म्हणजे जिथे डोकं चाललं ती जागा. विज्ञान प्रदर्शनात तीच नेमकी भिंतीकडे असते.

तेरा नंबरचा फोटो बरोबर पाठीचा, १८० अंशांचा. दुसऱ्या शनिवारचा तेरा आणि चौथ्या शनिवारचा तेरा मी संगणकावर शेजारी ठेवले. माझ्या डोक्यात काही नव्हतं, नुसतं रंग बदललाय का बघत होतो. तिनंच आधी पाहिलं. पहिल्या फोटोत दोन्ही चकत्या एकाच अंगाला वर आलेल्या. दुसऱ्यात एक वर, एक खाली.

"सर, मी हे कधी बदललं?"

बदललंच नव्हतं. रबराला आणि लोखंडाला फेविकॉल धरत नाही. एक चकती आपोआप तारेवर घसरून उलटी झाली होती. आधी दोघं वारकरी एकदम उडायचे, आता एकाआड एक. तिला वाटत होतं आपण पहिल्यापासून असंच केलंय. वहीत तर काहीच नव्हतं. आणि एकाआड एकच छान दिसतं, हे सगळ्यांचं मत होतं; पावली खेळताना पावलं अशीच पडतात. मग तिनं ग्लू गननं चकत्या त्याच जागी पक्क्या केल्या आणि वहीत लिहिलं. तेही जसंच्या तसं: "फोटो १३ (दुसरा आठवडा) आणि फोटो १३ (चौथा आठवडा) बघा. डावी चकती फिरली आहे. मी फिरवली नाही. फेविकॉल सुटला. आता वारकरी बरोबर नाचतात म्हणून मी ती तशीच ठेवली. पण आता कडी फिरवायला हलकी लागते. का ते माहीत नाही."

शेवटच्या दोन वाक्यांसाठी मी त्या वर्षभराचा सगळा चार्ट पेपर द्यायला तयार आहे. आधी दोन्ही वारकरी एकदम उचलावे लागायचे, आता एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो, म्हणून कडीवरचा भार वाटला जातो. हे पुढच्या शनिवारी आम्ही वारकऱ्यांच्या डोक्यावर नाणी ठेवून पाहिलं.

रोज एकाच जागेवरून टिपायची ही युक्ती जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून महिनाभर त्याचं रोज एकेक चित्र घेतलं, आणि लंडनहून आणलेल्या कॅमेऱ्यातून जे निघालं ते भांडवल देणाऱ्यांना दाखवलं. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा, १९१३ चा. हे वर्गात सांगितलं तर मुलांचा एकच प्रश्न: "सुट्टी असली तर?" मी म्हटलं, घरातच होती कुंडी.

फिरवणं सगळ्यांना लागू पडत नाही, हे जेसीबीनं शिकवलं. सिरिंजचा जेसीबी महाराष्ट्रातल्या कुठल्या शाळेत नाही? दोन सिरिंज, मध्ये नळी, आत पाणी. एक दाबली की दुसरी उघडते आणि पुठ्ठ्याचा हात उचलला जातो. आठवीतल्या दोघांनी तो जात्यावर चढवला. दाबायची सिरिंज जात्याबाहेर, त्यामुळे सहाव्या फोटोपर्यंत नळीनं जेसीबीला वेढा घातला आणि बाराव्याला तो टेबलाखाली गेला. शिवाय जेसीबी हलतो कसा हा मुद्दा. नुसता गोल फिरवून त्यातलं काय कळणार?

मग जातं थांबवलं आणि जेसीबी हलवला. सिरिंजवर मिलीच्या खुणा असतातच. शून्यापासून दहापर्यंत दर मिलीला एक फोटो, अकरा फोटो. ते सरळ आणि मग उलटे जोडले की हात वर जातो, खाली येतो. आम्ही पाहिलं तर शून्याच्या आणि एक मिलीच्या फोटोत हात जागचा हललेलाच नव्हता. दोनला एकदम उडी मारली. हातानं भरभर दाबताना हे कधीच लक्षात आलं नव्हतं. दोघांचं आधी भांडण: एकाचं म्हणणं हात जड झालाय, दुसऱ्याचं म्हणणं मोजताना चुकलास. फोटो मोठा करून सिरिंजकडे बघितलं तर तोंडाशी दोन-अडीच मिली हवा. पाणी दाबलं तरी आक्रसत नाही, हवा आक्रसते. पहिला मिली त्या हवेलाच दाबण्यात खर्च होत होता. सगळं बादलीत बुडवून, पाण्याखालीच भरून पुन्हा काढलं. एक मिलीला हात हलला. पुस्तकातला हा धडा दोघांनीही त्याच वर्षी वाचला होता.

या दोघांनीच नंतर जात्याला मोटर लावली. पाच व्होल्टची छोटी स्टेपर मोटर, म्हणजे सलग न फिरता मोजून पावलं टाकणारी. २८बीवायजे-४८ हे तिचं मॉडेल, एका फेरीला सुमारे २०४८ पावलं टाकते. त्यांना भारी फोटो हवे होते म्हणून ३६ ठरवले. २०४८ भागिले ३६ म्हणजे ५६ आणि वर उरलेले. उरलेले सोडून दिले, दर फोटोला ५६ पावलं. फेरी जोडली तर छत्तिसाव्या फोटोवरून पहिल्यावर येताना वस्तू दचकायची. ३५ वेळा ५६ म्हणजे १९६०. शेवटची झेप ८८ पावलांची उरत होती. आठवड्याभरानं त्यांनी ३२ फोटो केले. ३२ गुणिले ६४, बरोबर २०४८. दचकणं गेलं. मला स्वतःला मोटर फारशी आवडत नाही. हातानं फिरवताना मुलं दर खुणेपाशी थांबतात, वस्तूकडे बघतात, बोलतात. मोटर लावली की ती फोनकडे बघतात.

बिनसलेलंही सांगतो. दोन तासांतला पाऊण तास फोटोंत जायला लागला. काही मुलं जात्यासाठीच वस्तू सजवू लागली. मागच्या बाजूलाही टिकल्या. मग नियम केला: एका वस्तूच्या तीनच फेऱ्या. कच्ची, बिघडलेली आणि आत्ताची. 'पूर्ण' हा शब्द वहीतून काढून टाकला. बिघडलेली फेरी सक्तीची नाही, कारण एका मुलाचा पाणचक्कीचा मनोरा तिसऱ्यांदा कोसळला तेव्हा तो म्हणाला, "नको सर." मी एकदा समजावलं. तो नको म्हणाला. त्याच्या वहीत ती जागा कोरी आहे आणि मला ती तशीच बरी वाटते.

स्टीलच्या वस्तू टाळाव्यात. एकीनं वाट्यांचा पवनवेगमापक केला, त्यातल्या प्रत्येक वाटीत आम्ही सगळे वाकडेतिकडे दिसतो. हे हसण्यावारी गेलं, पण चेहऱ्यांचा प्रश्न खरा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे मूलच धरलेत आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. आम्ही ती पहिल्या पालकसभेत लेखी घेतली, आणि तरीही फोटोत हाताच्या पुढे काही येऊ द्यायचं नाही असं ठरवलं. जात्यामुळे हे सोपं झालं, फोटोत वस्तूच असते. फोनमधली ठिकाणाची नोंद बंद केली. मागे टेबलावर नाव लिहिलेली पाण्याची बाटली एकदा राहिली, ती फेरी पुन्हा काढली.

पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर पहिली फिरती चित्रं टाकली ती काहींच्या फोनवर ढिम्म, एकच चित्र. तेव्हापासून छोटा व्हिडिओ करून पाठवतो, मूळ फोटो संगणकावर नंबरानिशी ठेवतो. आणि प्रदर्शनात तर संगणकच नव्हता. "फाइल निळ्या कव्हरात, फोटो दोन, समोरून," असा आदेश. फाइल तशी दिली. सोबत मुलांनी वारकऱ्यांचे २४ फोटो जाड कागदावर छापून, कापून, काळ्या क्लिपमध्ये आवळून झर्रकन उलटायची वही केली. साधा झेरॉक्सचा कागद अंगठ्याखालून सुटत नाही, चिकटून दोन-दोन पानं जातात. कार्डशीटच लागतं, आणि प्रत्येक पान आधीच्यापेक्षा केसभर मागे सरकवून कडा तिरकी करावी लागते. परीक्षकांपैकी एकानं ती वही चारदा उलटली, मग खेळणं उचलून पालथं केलं आणि विचारलं, "ही चकती लंगडी का?" तिनं फाइल उघडलीच नाही. वहीतलं तेरावं पान काढून पुढे धरलं.

बक्षीस मिळालं नाही. पाणीशुद्धीकरणाच्या मॉडेलला मिळालं.

यंदा दोन बदल करायचे आहेत. फोन माझा असला की मुलं माझी वाट बघत बसतात. शाळेकडे एक जुना फोन मागितला आहे. आणि जात्याच्या खिळ्याभोवतीचं भोक मोठं झालंय, त्यात पेनाची रिकामी नळी घालायची आहे. गोट्याही मोजल्या. चार कमी आहेत.